जिन्याएवढं अंतर

खोकं दारातून आत येईना. बाईंनी ते आधी उभं करून पाहिलं, मग आडवं, मग तिरकं. शेवटी वैतागून खांद्याने असा रेटा दिला, की खोकं घरात आणि त्याच्या मागोमाग बाईही जवळजवळ घरात कोसळल्या. शेजारच्यांच्या नव्या फ्रिजचं खोकं होतं ते. रद्दीत जाता जाता बाईंनी जिन्यातच अडवलं होतं.

खिडकीजवळच्या खुर्चीत बाबा बसले होते. उजवा हात मांडीवर, दिवसभर त्यांना सांभाळणाऱ्या मावशींनी सकाळी ठेवला तिथेच. डोळे मात्र खोक्यावर.

"असं काय बघताय बाबा? गाडी आहे ही आमची. परग्रहावर जायची." बाईंनी केसांवरची धूळ झटकली. "रंग कोणता देऊ हिला? पांढरा की करडा?"

आणि त्या स्वयंपाकघरात गेल्याही. उत्तराची वाट बघण्याची सवय त्या घरात आता कोणाला राहिली नव्हती. आतून नळाच्या आवाजावर आवाज चढवून त्यांनी विचारलं, "दुपारची गोळी घेतलीत का?"

"पांढरा," बाबा म्हणाले.

मावशी हसल्या. "गोळी पांढरी असते ना त्यांची, तेवढं बरोबर डोक्यात राहिलंय."

मागच्या थंडीत बाबांना अर्धांगाचा झटका आला. जन्मभर त्यांनी शिंपीकाम केलं, गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की टेप काढायच्या आधी माप सांगायचे, आणि बोलायचे तर इतके की शिवणयंत्राला दम लागावा. आता दिवसाकाठी चार-सहा शब्द येत, तेही कुठले कुठे. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून विचारलं होतं, आज वार कोणता? बाबा गप्प. मग दोन बोटं नाचवून विचारलं, ही किती? तर बाबा म्हणाले, गुरुवार. डॉक्टरांनी चष्म्यावरून बाईंकडे पाहिलं होतं. डॉक्टरांचाही दोष नव्हता म्हणा, बाहेर बाकावर जागा उरली नव्हती इतकी माणसं बसली होती.

बाईंनी करडा रंग काढला. पांढरा लवकर मळतो, आणि वर्गातल्या पोरांचे हात बाईंना ठाऊक होते. खोक्याला फट पाडायची होती.

"कशाने कापू हो बाबा? सुरीने की कात्रीने?"

सुरी हाताशी होती, म्हणून सुरीने कापलं. कड दातेरी आली. मग सूप गरम करून त्यांनी वाटी बाबांपुढे धरली, चमचा फुंकला आणि विचारलं, "फार गरम आहे का?"

"कात्री."

"गेले दुकानात," मावशी म्हणाल्या. बाबा असं काही भलतंच बोलले, की ते मनाने जुन्या शिंपीदुकानात गेले, असं त्या घरात म्हणायचे. बाईही कसंनुसं हसल्या आणि त्यांनी चमचा पुढे केला.

जेवणं होतात तोच दादाचा फोन आला. दादा म्हणजे बाईंचा मोठा भाऊ. राहायला लांब, नोकरी धावपळीची, आणि बोलणंही धावपळीचं. बाई पन्नाशीला टेकल्या, तरी त्याच्या लेखी त्या अजून चिमीच होत्या.

"चिमे, ऐक. जागा मिळाली त्या शुश्रूषा केंद्रात. चोवीस तास नर्स आहे, व्यायाम करून घेतात, बागसुद्धा आहे. मी रविवारी गाडी घेऊन येतो. त्यांचे कपडे भरून ठेव."

"दादा, मी आहे ना इथे."

"तू शाळा करणार की त्यांना बघणार? मागच्या महिन्यात तूच चक्कर येऊन पडलीस. मला काय हौस आहे का?" मग आवाज जरा उतरला. "दे बघू त्यांच्याकडे."

बाईंनी फोन बाबांच्या कानाला लावला. आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"बाबा! मी कोण बोलतोय? ओळखलंत का? ... बाबा? ... बरं. बरं, राहू दे."

बाईंनी फोन परत घेतला.

"मला ओळखत नाहीत गं ते," दादा म्हणाला. "मग ते तुझ्या घरात आहेत की आणखी कुठे, त्यांना काय फरक पडतो, सांग ना मला."

हे मात्र बाईंना सांगता येईना. बाबा जाऊ नयेत असं त्यांना आतून वाटत होतं. पण ते त्यांना वाटत होतं. बाबांना काय वाटतं, कोणाला ठाऊक? ज्याला आपला मुलगा ओळखता येत नाही त्याच्या वतीने कसलं भांडायचं? त्यांनी "ये रविवारी" म्हणून फोन ठेवला, डोळे पुसले आणि सवयीने विचारलं, "पाणी देऊ बाबा?"

"थोरला," बाबा म्हणाले.

"थोरला पेला मागतायत," मावशींनी चपला घालता घालता सांगितलं.

बाईंनी मोठा पेला भरून आणला. बाबांनी पेल्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

*

शुक्रवारी बाईंच्या वर्गाने गाडी परग्रहावर उतरवली.

शाळेने प्रत्येक वर्गाला अंतराळावर काहीतरी करायला सांगितलं होतं. बाकीच्या वर्गांत रंगवलेले चेंडू दोऱ्याला टांगून झाले होते, आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्याला लागत होते. बाईंना टांगाटांगी नको होती. दूरच्या ग्रहावरची गाडी आपल्या अंगणातल्या सायकलीसारखी चालवता येत नाही, निरोप जायला वेळ लागतो आणि उत्तर यायलाही लागतो, तोवर जमिनीवरची माणसं नुसती नखं खात बसतात, असं त्यांनी वाचलं होतं. पोरांना तेच करून बघायला लावायचं त्यांनी ठरवलं.

सगळ्यात वरच्या मजल्यावरचा त्यांचा वर्ग म्हणजे नियंत्रण कक्ष. शाळेमागचं लांब उडीचं वाळूचं मैदान म्हणजे परग्रह. गाडीचं नाव मतदानाने ठरलं: खोकेराणी. खोकेराणीच्या आत वर्गातली सगळ्यात चिमुकली आणि सगळ्यात बडबडी मुलगी बसली, जिला सगळे मुंगी म्हणत. तिने फटीतून दिसेल तेवढंच बघायचं, सांगितलं तेवढंच करायचं आणि उत्तर एका शब्दात द्यायचं, कारण बॅटरी वाचवायची. ही अट ऐकून मुंगीचा चेहरा रडवेला झाला होता.

वर्ग आणि मैदान यांच्यामध्ये निरोपे. काही खाली जाणारे, काही वर येणारे. एकेकाने एकच वाक्य तोंडात घेऊन निघायचं. सबंध व्हरांडा, मग जिना, मग पाण्याचे नळ, मग सायकली, मग मैदान. पळायचं नाही. वाटेत समोरून दुसरा निरोप्या आला तरी ओळख दाखवायची नाही.

"पण बाई, निरोप प्रकाशाच्या वेगाने जातो म्हणालात ना?" हा प्रश्न वकीलबाईचा. नियम सांगून व्हायच्या आत तिची हरकत तयार असायची. "मग आम्ही गोगलगायीसारखं का चालायचं?"

"कारण अंतर फार आहे. आपल्याकडे तेवढं अंतर नाही, जिना आहे. म्हणून हळू."

वकीलबाईने जरा विचार करून हे मान्य केलं.

पहिला निरोप निघाला: समोर काय दिसतं? निरोप्या ओठ घट्ट मिटून व्हरांड्यातून गेला. वर्ग श्वास रोखून बसला. श्वास रोखून किती बसणार? खिडकीतून मैदान दिसत नव्हतं. चुळबुळ सुरू झाली.

"बाई, अजून नाही आलं. दुसरं विचारू?"

"विचारा," बाई म्हणाल्या. त्यांनाही राहवत नव्हतं.

दुसरा निघाला: उजवीकडे वळलीस का? उत्तर नाही. मग तिसरा: बॅटरी किती उरली? आणि त्याची पाठ वळते न वळते तोच वर येणारी पहिली मुलगी दारात उभी राहिली. पहिल्या प्रश्नाचं कोणाच्या ध्यानातही नव्हतं. सगळे विचारत होते, वळली का, वळली का?

मुलगी गंभीरपणे म्हणाली, "बादली."

वर्ग हसत सुटला. बादली? वळलीस का, तर बादली? हसू आवरत त्यांनी चौथा निरोप पाठवला, जमीन कशी आहे, तेवढ्यात उत्तर आलं: "हो." बॅटरी किती उरली, तर हो! आणि त्यानंतर, सगळे जमिनीची वाट बघत असताना: "अर्धी."

"अर्धी जमीन?" मागच्या बाकावरचा एकजण उठून उभाच राहिला. "बाई, गाडी कामातून गेली. काहीही बोलतेय. दुसरी पाठवू या."

"उन्हाने डोकं फिरलंय तिचं."

"तिला वर आणून ठेवा, बाई. उगाच कशाला तिथे?"

बाईंच्याही कपाळाला आठी पडली. मुंगी थट्टा करत असणार, दुसरं काय. त्यांनी पुढच्या निरोप्याला बोट करून बोलावलं. "तिला म्हणावं, बाई विचारतायत, नीट उत्तर देणार आहेस की नाही?"

"थांबा!" वकीलबाई बाकावर चढली होती. "कोणी काही पाठवू नका. तूही दारातून आत ये. ती बरोबर बोलतेय."

"बादली हे बरोबर?"

"समोर काय दिसतं, असं आपण विचारलं होतं ना? बादली दिसते तिला. वळलीस का? हो. बॅटरी? अर्धी." तिने हवेत एकेक बोट मिटलं. "ती प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देतेय. ते इथे येईपर्यंत आपण पुढचा प्रश्न विचारून बसतो, आणि तिलाच वेडी म्हणतो. आता जमिनीचं उत्तर येईल बघा. आता कोणी बोलायचं नाही."

कोणी बोललं नाही. व्हरांड्यातून सावकाश पावलं वाजत आली. निरोप्या दारात थांबला, त्याने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि तोंडातला शब्द जपून बाहेर काढला.

"वाळू."

आरडाओरडा झाला. बाकं वाजली. वकीलबाईला दोघांनी उचलायचा प्रयत्न केला आणि तिघंही पडली. बाईंच्या हातातला खडू मात्र हातातच राहिला होता. पांढरा, त्यांना आठवलं. खोक्याचा रंग विचारला होता मी. मग कात्री. आणि त्या दिवशी दवाखान्यात गुरुवारच होता. बाबांना नेण्यासाठी रजा काढली होती, आणि रजेच्या आधीच्या दिवशी, बुधवारी, पालकांची सभा होती. गुरुवारच.

मग थोरला. त्यावर आल्या आणि बाईंना पुढे जाववेना. फोन ठेवून झाला होता. थोरला तर कधीच फोनवरून निघून गेला होता.

त्यांनी फळ्याकडे तोंड केलं आणि कोरा फळा पुसायला घेतला. बराच वेळ पुसला. मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, आणखी एक आलाय!"

वर येणाऱ्यांतली शेवटची मुलगी दारात उभी होती, जरा गोंधळलेली. "कोणी प्रश्न विचारला नव्हता, पण मुंगीने पाठवलंय. म्हणाली, बॅटरी संपली तरी चालेल, पण सांग." तिने डोळे मिटून आठवलं. "बादलीमागे मांजर झोपलंय."

"जीवसृष्टी!" वकीलबाई किंचाळली, आणि त्यानंतर त्या वर्गात शिकवणं कोणाच्या बापाला शक्य नव्हतं.

*

संध्याकाळी बाईंनी पर्स काढली नाही, हातपाय धुतले नाहीत. स्टूल ओढून त्या बाबांच्या समोर बसल्या. इतक्या समोर त्या किती दिवसांत बसल्या नव्हत्या. एरवी बोलणं व्हायचं ते जाता-येता, पाठीमागून, दुसऱ्या खोलीतून.

"बाबा," त्या म्हणाल्या, "मी खोक्याला करडा रंग दिला. चुकलं का?"

आणि गप्प बसल्या. हे सोपं नव्हतं. प्रश्न जिभेवर रांग लावून उभे होते. त्यांनी मनातल्या मनात निरोप्याला चालवत नेलं. व्हरांडा. व्हरांडा संपता संपत नाही. जिना. जिन्याचं वळण. बाबा त्यांच्याकडे बघत होते, चेहरा तसाच. नळ. सायकली.

"बाबा, चहा—" मावशी आतून आल्या. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, आणि मावशी कप घेऊन होत्या तिथेच उभ्या राहिल्या.

मैदान आलं असेल. आता परतीची वाट. सायकली, नळ. काहीच नाही. आपण पोरांच्या खेळाला भुललो, बाईंना वाटलं, आणि त्या उठणार होत्या.

"चुकलं," बाबा म्हणाले. तोंडाचा डावा कोपरा किंचित वर गेला. "मळकट."

बाई हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी बाबांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. कितीतरी वेळाने बाबांचा डावा हात त्यांच्या केसांवर आला. मावशींच्या हातातला चहा निवून गेला, तरी त्यांनी तो पुढे केला नाही.

दादाला लगेच फोन करावा असं बाईंना वाटलं. मग वाटलं, नको. हे सांगून कळण्यासारखं नाही. आपल्यालाच कुठे कळलं होतं?

*

रविवारी दादा आला तो घाईतच. खाली गाडी उभी, चालक गाडीतच बसलेला. अंगात जाड कोट, हातात बाबांसाठी आणलेली नवी बॅग. कपडे भरले नाहीत हे बघून त्याने बाईंकडे पाहिलं. खुर्ची ओढून तो बाबांसमोर बसला.

"बाबा, कसे आहात? मी कोण, ओळखलंत का? बघा, तुमच्यासाठी—"

"दादा, पुरे," बाई म्हणाल्या. "आता तोंड उघडायचं नाही. मी सांगेपर्यंत."

"काय?"

"श्शू."

हा आवाज मोठमोठ्या वांड पोरांना गप्प करणारा होता. दादा गप्प बसला. घड्याळ, रस्त्यावरचा एखादा हॉर्न, मावशींच्या बांगड्या. दादाने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा बाईंनी त्याचा हात दाबला.

"जिना उतरतोय अजून," त्या पुटपुटल्या.

"कोण?"

"गप्प."

"बरा," बाबा म्हणाले.

दादाने खांदे उडवले. बाईंनी हात सोडला नाही. पुन्हा तेवढंच थांबणं, व्हरांडा, जिना, नळ. बाबांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"थोरला."

दादाच्या चेहऱ्याचं काय झालं ते बाईंनी पाहिलं नाही, त्यांनी मुद्दाम खिडकीबाहेर बघितलं. ऐकू आलं ते एवढंच, की दादा एकदम तीन-चार प्रश्न विचारत सुटला आहे: फोनवर ओळखलं होतंत का, जेवता का नीट, दुखतं का कुठे, मी येत नव्हतो म्हणून...

"एकेक," बाई म्हणाल्या. "एकच विचार. तुला सगळ्यात जास्त हवं असेल ते."

दादाने बॅग खुर्चीखाली सरकवली.

"बाबा," तो म्हणाला, "रागावलात का माझ्यावर?"

आणि या वेळी, हात न दाबताही, थांबला.

बाबांचा डावा हात हळूहळू उचलला गेला. तो दादाच्या कोटाला टेकला.

"बटण."

दादाने बाईंकडे पाहिलं. इतका हिरमुसलेला तो लहानपणीसुद्धा कधी दिसला नव्हता. "दुकानात गेले का गं?"

बाई वाकल्या. कोटाचं मधलं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं.

"नाही रे. हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही," त्या म्हणाल्या. "हे त्यांनी आपणहून पाठवलंय. तू विचारायच्या आधीच निघालं असणार तिकडून."

दादाने बटणाकडे पाहिलं. कोट काढला आणि बाबांच्या मांडीवर ठेवला. मावशींनी सुईदोरा आणला, बाईंनी ओवला. बाबांनी डाव्या हाताने कापड चिमटीत धरलं, दोन बोटांत असं ताणून, की सुई कुठे घालायची ते सांगावं लागू नये. खाली हॉर्न वाजला. दादा उठून खिडकीशी गेला आणि त्याने हाताने काहीतरी खूण केली. थांब म्हणाला की जा म्हणाला, पाठमोऱ्या बाईंना कळलं नाही. थोड्या वेळाने गाडी सुरू झाल्याचा आणि दूर गेल्याचा आवाज आला.

दादा परत येऊन खाली, बाबांच्या पायाशी बसला. बाईंच्या हातातली सुई वर आली, खाली गेली. बटण जवळजवळ बसलं होतं.

"नाही," बाबा म्हणाले.

"नाही?" मावशी पुढे झाल्या. "मग कुठे लावायचं बटण?"

बाईंनी दादाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली होती, आणि काहीही न विचारता तो तसाच बसून राहिला.